विहीणबाईंशी थेट बोलणं

सोफा उसवला की त्या घरातलं काय काय बाहेर येतं, हे मिस्त्री आणि काकूंना जितकं ठाऊक होतं तितकं गल्लीत दुसऱ्या कुणालाच नव्हतं. कंगवे निघत, पेन्सिली निघत, हरवलेल्या चाव्या निघत. एकदा दातांची अख्खी कवळी निघाली होती आणि ती आपली नव्हेच, असं त्या घरातल्या प्रत्येकानं एकेकटं येऊन सांगितलं होतं. काकूंनी ती धुऊन फडताळात ठेवली. कधीतरी कुणी न्यायला येईल म्हणून. अजून कुणी आलेलं नव्हतं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे उलट्यापालट्या खुर्च्या, मागे काकूंचं शिलाई मशीन, आणि हवेत कायम काथ्याची बारीक धूळ. लाकडी सांगाडा, पट्टे आणि स्प्रिंगा हे मिस्त्रींचं खातं; कापड, कातर आणि शिवण काकूंचं. मिस्त्री बोलायचे कमी. उभा जन्म तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, धरून काम केलेलं. एक चूक जिभेनं पुढे ढकलायची, हातोडीनं ठोकायची, मग दुसरी. त्यामुळे तोंड रिकामं असलं तरी ते भरल्यासारखेच गप्प बसायचे. काकूंचं तसं नव्हतं. त्यांना बोलायला लागायचं, आणि समोरच्याचं ऐकायलाही लागायचं. आलेल्या गिऱ्हाइकाला त्या त्याच्याच मोडक्या खुर्चीवर बसवून तासभर बोलत. खुर्चीचं दुखणं बसल्यावरच कळतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांना एकच मुलगी. तिला घरात चिऊ म्हणत. चिऊ दूर परदेशात शिकायला गेली, चष्म्याची भिंगं घासण्याच्या कारखान्यात नोकरीला लागली, आणि तिथल्याच बंदरावर क्रेन चालवणाऱ्या एका मुलाशी तिचं जमलं. लग्न एका कचेरीत झालं. काकूंनी आणि मिस्त्रींनी ते फोनवर पाहिलं. मध्येच चित्र अडकलं. पुन्हा हललं तेव्हा मुलगी सासरची झालेली होती.

सासर म्हणजे तरी काय, जावई आणि त्याची आई. विहीणबाई आडव्या बांध्याच्या, कापलेल्या केसांच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. नवरा केव्हाच गेलेला. गावात त्यांचं कपडे धुण्याचं दुकान होतं. लोक कपडे घेऊन यायचे, यंत्रात घालायचे आणि धुऊन होईपर्यंत तिथेच बाकावर बसायचे. दर रविवारी चिऊ फोन लावायची आणि विहीणबाईही पडद्यावर यायच्या. त्या भरभरून बोलायच्या. हात हलवायच्या, डोळे मोठे करायच्या, कुणाची तरी नक्कल करायच्या, हसता हसता खोकायच्या. मग काकू चिऊकडे बघायच्या.

"काय म्हणतात गं?"

"बरं चाललंय म्हणतात."

"एवढंच?"

"हो गं, एवढंच."

तीन मीटर कापड द्यावं आणि शिंप्यानं रुमाल शिवून आणावा, तसं काकूंना वाटायचं. बाकीचं कापड गेलं कुठे? शाळेत त्यांना इंग्रजी होतं आणि त्या पासही झाल्या होत्या. शब्द सुटे सुटे कळायचे. पण शब्द कळले तरी बोलणं कळत नव्हतं. एका रविवारी विहीणबाई म्हणाल्या, "आय वॉज ओव्हर द मून!" चंद्र कळला. वर कळलं. विहीणबाई चंद्राच्या वर काय करत होत्या, ते काही कळेना. चिऊनं सांगितलं, "आनंद झाला म्हणतात." काकूंना हे पटलं नाही. आनंदासाठी माणूस इतक्या लांब कशाला जाईल?

गल्लीच्या तोंडाशी वाचनालय होतं. त्याच्या वरच्या मजल्यावर मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग चालायचा. त्या हंगामात पाटी लागली: रोजच्या बोलण्यातले इंग्रजी वाक्प्रचार. काकूंनी त्याच दिवशी नाव घातलं.

"आता या वयात?" औषधांच्या दुकानातल्या वहिनींनी विचारलं. वहिनींचं दुकान अगदी समोर. त्यांना विचारल्याशिवाय गल्लीत पानही हलत नसे.

"माझी विहीण काय बोलते ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय," काकू म्हणाल्या.

वर्गावरच्या बाई निवृत्त झालेल्या होत्या. जहाजांच्या कंपनीत आयुष्यभर पत्रं टाइप केलेल्या, त्यामुळे बोलतानाही जिथे स्वल्पविराम असेल तिथे थांबत. त्यांचा नियम एकच. वाक्प्रचार घोकायचा नाही. तो आपल्या रोजच्या जगण्यातल्या वाक्यात घालून दाखवायचा. काकूंनी पहिल्या दिवशी खुर्च्यांच्या बैठकी दाबून पाहिल्या, फोम बसलाय असं बाईंना कळवलं, आणि मग शिकायला बसल्या.

पहिला आला, पीस ऑफ केक. म्हणजे अगदी सोपं, डाव्या हातचा मळ. काकूंनी हात वर केला. "माय हजबंड इज अ पीस ऑफ केक."

बाई थांबल्या. "म्हणजे स्वभावानं गोड आहेत, असं म्हणायचंय का?"

"नाही. समजायला सोपे आहेत. एकच विषय असतो."

बाईंनी विचार केला आणि वाक्य बरोबर धरलं.

शेजारच्या खुर्चीवर रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर बसत. त्यांनी ब्रेक अ लेग शिकल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला निघालेल्या एका म्हाताऱ्याला तोंडभरून ते म्हटलं. पाय मोड, म्हणजेच शुभेच्छा, असं त्यांना शिकवलं होतं. म्हाताऱ्याच्या मुलाला थोडं इंग्रजी येत होतं. त्यानं वर तक्रार केली. बाईंनी सांगितलं, की हे फक्त रंगमंचावर जाणाऱ्या माणसाला म्हणायचं असतं. "मग तसं आधी सांगायचं ना," ड्रायव्हर म्हणाले, आणि तेवढा आठवडा कुणालाच शुभेच्छा न देता त्यांनी काढला.

मग खोलीतल्या हत्तीचा दिवस आला. काकूंचं वाक्य तयार होतं. "देअर इज अ‍ॅन एलिफंट इन द रूम, सो आय मेझर्ड द डोअर अगेन."

"काकू, खरा हत्ती नसतो," बाई म्हणाल्या. "खोलीतल्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत असते, पण कुणी ती बोलत नाही. तो हत्ती."

"न बोललेली गोष्ट एवढी मोठी असते?"

"हत्तीएवढी असते."

काकू घरी येऊन नवे वाक्प्रचार मिस्त्रींवर चालवून बघत. बाहेर पाऊस कोसळत होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "याला तिकडे मांजरं आणि कुत्री पडतात असं म्हणतात." मिस्त्रींनी तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या. "खाली आल्यावर भांडत असतील," म्हणाले, आणि चुका परत तोंडात टाकल्या.

हिवाळा लागता लागता काकूंनी चिऊला सांगितलं, "तू मध्ये नको. मला विहीणबाईंचा नंबर दे. मी थेट बोलते." चिऊ काहीतरी कारण काढेल असं त्यांना वाटलं होतं. चिऊनं लगेच नंबर दिला. जरा जास्तच लगेच.

पहिल्या थेट फोनला काकू नवी ओढणी घेऊन बसल्या होत्या. समोर विहीणबाई, मागे गरगर फिरणारी यंत्रं. काकूंनी एक वाक्य बोलायचं, विहीणबाईंनी तीन. निम्मं निसटायचं, निम्मं हाती लागायचं. विहीणबाईंच्या गुडघ्यांचं कळलं. कुणा गिऱ्हाइकानं पँटबरोबर फोनही धुतला आणि बाहेर काढून कानाला लावला, ते कळलं. एक म्हातारे गृहस्थ दर मंगळवारी स्वच्छच कपडे धुवायला आणतात, का आणतात ते त्यांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही, तेही कळलं. हे सगळं चिऊ आजवर 'बरं चाललंय'मध्ये कोंबून बसवत होती!

एकदा शेजारच्या एका कुटुंबातलं भांडण निघालं. विहीणबाई म्हणाल्या, त्यांच्याकडे एक म्हण आहे, मळके कपडे चारचौघांत धुऊ नयेत. घरातली भानगड घरात ठेवावी.

काकूंनी मागच्या यंत्रांकडे पाहिलं. "बट दॅट इज युअर बिझनेस," त्या म्हणाल्या.

विहीणबाई इतक्या हसल्या की बाकावरची दोन माणसं उठून बघायला आली. त्या दिवसापासून त्या काकूंना 'माय डिअर' म्हणू लागल्या, आणि काकूही रविवारची वाट बघू लागल्या. लेकीशी बोलायची पाहत होत्या त्याहूनही जास्त, असं मिस्त्रींना वाटलं.

मग तो रविवार आला. विहीणबाईंचा चेहरा उतरलेला होता. यंत्रं बंद होती. इकडचं तिकडचं काही न बोलता त्या म्हणाल्या, "दे आर ऑन द रॉक्स, डिअर. आय अ‍ॅम अफ्रेड."

काकूंनी वाक्य उसवून पाहिलं. दे, म्हणजे मुलं. ऑन द रॉक्स, म्हणजे खडकांवर. अफ्रेड, म्हणजे विहीणबाईंना भीती वाटते आहे. बंदराचं गाव, तिथे खडक असणारच. जावई दिवसभर क्रेनच्या खोक्यात बसलेला, चिऊ कारखान्यात भिंगं घासणारी. दोघं एकत्र बाहेर पडल्याचं कित्येक दिवसांत कानावर आलं नव्हतं. काकूंना मनापासून बरं वाटलं. विहीणबाईंची भीती घालवावी म्हणून त्या हसून म्हणाल्या, "व्हेरी गुड! अ‍ॅट लास्ट! फ्रेश एअर फॉर बोथ!"

विहीणबाईंनी खुर्ची मागे सरकवली. मग "आय सी," एवढंच म्हणाल्या, दुकान उघडायचंय म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

काकूंनी ती बातमी समोरच्या वहिनींना सांगितली, म्हणजे गल्लीला सांगितली. "दोघं समुद्रावर गेलीत फिरायला. खडकांवर."

"या थंडीत?" वहिनी म्हणाल्या.

"तिकडच्या लोकांना थंडी वाजत नाही."

संध्याकाळी त्यांनी चिऊला निरोप लिहिला: खडक निसरडे असतात. पाय जपून टाक. घाई करू नकोस. हात धरायला कुणी नसलं तर जिथे आहेस तिथे बसून राहा, भरती उतरली की आपोआप वाट दिसते. त्यांना समुद्राची काही माहिती नव्हती, पण आईनं सांगितल्यासारखं वाटायला तेवढं पुरे होतं. चिऊचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. "बरं आई."

पुढच्या रविवारी विहीणबाईंनी फोन उचलला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. लोकांचे हिवाळ्याचे कपडे धुवायचे दिवस आले असतील, असं काकूंनी धरून चाललं.

त्याच आठवड्यात बाईंनी फळ्यावर लिहिलं, ऑन द रॉक्स. "याचं वाक्य कुणाला करता येईल?"

काकूंनी हात वर केला. यावेळी त्यांना शिकायची गरजच नव्हती, त्या आधीच ऐकून आल्या होत्या, तेही थेट विहिणीच्या तोंडून. त्या उभ्या राहून ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "माय डॉटर अँड सन-इन-लॉ आर ऑन द रॉक्स. आय अ‍ॅम व्हेरी हॅपी."

बाईंचा खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. ड्रायव्हरांना अर्थ ठाऊक नव्हता, म्हणून त्यांनी कौतुकानं मान हलवली.

"काकू," बाई म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"विहीणबाईंनी. का?"

बाई टेबलामागून पुढे आल्या. जहाज खडकावर चढलं की फुटतं, त्यांनी हळू आवाजात सांगितलं. त्यावरून हा वाक्प्रचार आला. नवरा-बायकोबद्दल म्हटलं, तर संसार मोडायला आलाय, असा अर्थ होतो.

काकू "थँक यू" म्हणून बसल्या. वर्ग संपेपर्यंत त्या सरळ बसून होत्या. बाईंनी नंतर तीन वाक्प्रचार शिकवले. त्यातला एकही त्यांना आठवत नाही.

दुकानात येऊन त्यांनी हिरवी मखमल पसरली आणि कापायला घेतली. मखमलीला लव असते. ती वरून खाली उतरली पाहिजे, नाहीतर एकाच सोफ्याचे दोन रंग दिसतात. हे त्यांना झोपेतही कळायचं. त्यांनी अख्खा तुकडा उलटा कापला. मिस्त्रींनी तो पाहिला आणि हातोडी खाली ठेवली.

"काय झालं?"

काकूंनी सांगितलं.

मिस्त्रींनी तोंडातल्या चुका काढल्या. एक नाही, सगळ्या. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"गल्लीला."

"गल्लीचं सोड. विहीणबाईंना काय म्हणालीस?"

"व्हेरी गुड म्हणाले."

"आणखी?"

"शेवटी एकदाचं, असं म्हणाले. दोघांना मोकळी हवा मिळेल, असंही म्हणाले."

मिस्त्रींनी मान हलवली. "मग फोन उचलत नाहीत ते बरोबरच आहे."

काकूंना रडू आलं नाही. त्यांना लाज वाटली, ती आधी वाटली; आणि लेकीची काळजी नंतर वाटली, याची आणखी एकदा लाज वाटली. इतके महिने विहिणीचं बोलणं कानांनी ऐकायचं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. आणि ऐकलं ते असं.

त्यांनी फोन केला. उचलला गेला नाही. पुन्हा केला. मग त्यांनी निरोप लिहायला घेतला. आधी वाक्प्रचार आठवून पाहिले. चूक कबूल करायला इंग्रजीत बरेच होते. स्वतःचा पाय स्वतःच्या तोंडात घालण्यावरचा एक तर अगदी बेतून शिवल्यासारखा बसत होता. पण आता वाक्प्रचारांची त्यांना धास्तीच बसली होती. शेवटी त्यांनी शाळेतल्या इंग्रजीत, एका वेळी एक शब्द ठेवत लिहिलं: मला वाटलं दगड. खरे दगड. समुद्रातले. मला वाटलं सहल. मला माफ करा. फोन उचला.

फोन लगेच वाजला. पडद्यावर विहीणबाई होत्या, आणि त्या हसत होत्या. "स्टोन्स!" त्या म्हणाल्या. "स्टोन्स!" आणि हसता हसता तोंड फिरवून रडू लागल्या. मग काकूंनाही रडू आलं. मिस्त्री उठून दाराशी जाऊन उभे राहिले, गिऱ्हाईक आलं तर थोपवायला.

त्या दिवशी विहीणबाई सावकाश, सोप्या शब्दांत बोलल्या. जे कळलं नाही ते काकूंनी पुन्हा विचारलं, आणि मुळीच लाजल्या नाहीत. मारहाण नव्हती, दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती. पोरगा वाईट नव्हता. दिवसभर उंचावर एकटा बसायचा, आणि घरी आला तरी खाली उतरायचा नाही. चिऊनं काही विचारलं तर हो, नाही आणि बघू, यांवर भागवायचा. चिऊनं वाट पाहिली, भांडून पाहिलं, आणि एक दिवस पिशवी भरून निघाली. त्या गावात तिला ओळखीचं एकच घर होतं. तिथे गेली.

"कुठे?" काकूंनी विचारलं.

विहीणबाईंनी वर बोट दाखवलं. दुकानाच्या वर एक खोली होती. चिऊ हिवाळ्यापासून तिथेच राहत होती. नवऱ्याला सोडून ती सासूकडे येऊन राहिली होती, आणि सासूनं तिला ठेवून घेतलं होतं. मुलगा आईला म्हणाला, तू माझी आई आहेस की तिची? विहीणबाई म्हणाल्या, तुझी आहे म्हणून तर तुला ओळखून आहे.

चिऊनं त्यांना बजावलं होतं, आईला सांगू नका. म्हणून विहीणबाई महिनोन्‌महिने गुडघ्यांचं आणि गिऱ्हाइकांचं बोलत राहिल्या. शेवटी राहवेना, म्हणून एक वाक्य बोलल्या, आणि पलीकडून आलं, व्हेरी गुड. विहीणबाईंना वाटलं, या बाईला आपला मुलगा पहिल्यापासून पसंत नव्हता. त्या दोन रविवार त्याच रागात कपडे वाळवत होत्या.

"आय लेट द कॅट आउट ऑफ द बॅग," त्या म्हणाल्या, आणि याचा अर्थ लगेच स्वतःच समजावून सांगितला. पिशवीतलं मांजर बाहेर सोडलं, म्हणजे गुपित फोडलं. काकूंनी ते दाराशी उभ्या मिस्त्रींना सांगितलं.

"बरं केलं," मिस्त्री म्हणाले. "गुदमरलं असतं."

चिऊशी बोलणं त्याहून अवघड गेलं, कारण ते मराठीत होतं.

"तू मला का नाही सांगितलंस?" काकू म्हणाल्या.

"तू गल्लीभर माझ्या संसाराचं कौतुक सांगतेस, आई. तुझा एवढा उजळ चेहरा असायचा रविवारी. कुठल्या तोंडानं सांगू?"

"माझा चेहरा काय तू जन्मभर सांभाळणार होतीस?"

"आणि मला वाटलं तुला कळलंय," चिऊ म्हणाली. "तुझा तो निरोप. पाय जपून टाक, घाई करू नकोस, भरती उतरली की वाट दिसते. मी वकिलाकडे निघाले होते त्या दिवशी. वाचला आणि परत फिरले. म्हटलं, आईला सगळं कळलंय आणि ती एका शब्दानंही टोचत नाहीये. मग दोन आठवडे शांत डोक्यानं विचार केला."

खरं सांगावं की नाही, याचा काकूंनी विचार केला. विहीणबाई जिन्यातून ऐकत असणार, हेही त्यांच्या लक्षात आलं.

"मला वाटलं तुम्ही सहलीला गेलात," त्या म्हणाल्या. "मी खऱ्या खडकांबद्दल लिहिलं होतं. शेवाळं असतं म्हणून."

चिऊ आधी थक्क झाली, मग हसू लागली, आणि मग डोळे पुसत म्हणाली, "असू दे. मला उपयोगी पडलं."

"मग काय ठरवलंस विचार करून?"

"नाही जायचं परत."

"नको जाऊस," काकू म्हणाल्या. हे म्हणायला त्यांना फार बळ लागलं, पण ते चेहऱ्यावर दिसलं नाही. वर्गात सरळ बसून त्यांना तेवढी सवय झाली होती. "इकडे येतेस का?"

"नाही गं. माझं काम इथे आहे. आणि यांच्या गुडघ्यांकडे कोण बघणार?"

उन्हाळ्यापर्यंत कायदेशीर सोडचिठ्ठी झाली. जावयानं एकदा स्वतःहून फोन केला, तो नेमका मिस्त्रींनी उचलला. तो इंग्रजीत बराच वेळ बोलला. आजवर चिऊशी बोलला नसेल एवढं. मिस्त्रींना त्यातलं एक अक्षर कळलं नाही. ते मध्ये मध्ये "हं" म्हणत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "जेवलास का?" पोराला तेवढे दोन मराठी शब्द चिऊमुळे येत होते. "हो," तो म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "जेवत जा." आणि फोन ठेवला.

गल्लीत काकूंना उलटं निस्तरावं लागलं. वहिनींनी विचारलंच, "आली का लेक फिरून?"

"ती फिरायला गेलीच नव्हती. मला चुकीचं कळलं होतं. तिनं नवरा सोडलाय."

वहिनींनी हातातली औषधाची बाटली खाली ठेवली. "मग आता राहते कुठे?"

"सासूकडे. सासू नाही सोडली."

वहिनींना यावर काय बोलावं ते सुचलं नाही. गल्लीच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं.

रविवारचे फोन चालूच राहिले. एकदा विहीणबाईंनी विचारलं, आता आपण एकमेकींच्या कोण? काकूंनी वर्गात बाईंना विचारून ठेवलंच होतं. मुलीच्या सासूला तिच्या आईनं काय म्हणायचं, याला इंग्रजीत मुळी शब्दच नव्हता. त्यांनी ते सांगितलं. "तुमच्या भाषेत आपण आधीही एकमेकींच्या कुणी नव्हतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुमचं काही गेलं नाही. गेलं असलं तर माझं."

"तुमच्यात शब्द आहे?"

"आहे. विहीण."

"व्हीन," विहीणबाई म्हणाल्या. पुन्हा म्हणाल्या. त्यांना तो आवडला. मग त्यांनी हट्टच धरला, मला तुमचेही वाक्प्रचार शिकवा, वाक्यात घालून. काकूंनी 'नाकी नऊ येणे' शिकवलं, म्हणजे मेटाकुटीला येणे. पुढच्या रविवारी विहीणबाईंनी वाक्य तयार ठेवलं होतं: गुडघ्यात नऊ आले. काकूंनी ते बरोबर धरलं.

पुढच्या वर्षी त्या चिऊबरोबर आल्या. विमान उशिरा पोचलं, रात्र दोघींनी बसूनच काढलेली. सकाळी दुकानात पाऊल टाकलं तेव्हा विहीणबाईंचे पाय सुजलेले होते. काकू चहा ठेवायला आत गेल्या. चिऊ बापाच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ तशीच राहिली. विहीणबाईंनी आजूबाजूला पाहिलं. खुर्च्या सगळ्या उघड्या, नुसते सांगाडे आणि स्प्रिंगा. बसण्याजोगी एकच गोष्ट होती: दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातला लांब सोफा, आदल्या संध्याकाळी पुरा झालेला, निळ्या कापडाचा. त्या त्यावर बसल्या. मग पाय वर घेतले. काकू चहा घेऊन येईपर्यंत त्या घोरत होत्या.

मिस्त्रींनी हातोडी बाजूला ठेवली आणि चुका ठोकायचं सोडून सुतळी ओढायचं काम काढलं, कारण त्याचा आवाज होत नाही.

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंचा माणूस टेम्पो घेऊन दारात आला. "सोफा झाला म्हणून निरोप होता," तो म्हणाला. मग त्याला सोफ्यावरच्या विहीणबाई दिसल्या. "या कोण?"

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "सोफा झालाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण अजून रिकामा झालेला नाही. उद्या या."